कुत्र्याची जात आणि मालकाची जबाबदारी

आमच्या महाविद्यालयाच्या मागल्या रस्त्यावर तीन-चार जुने बंगले आहेत. त्यांतील एका बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी आहे. ती वाचून आपण सारेच रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालतो. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ते फाटक उघडे राहिले. आमच्या वर्गातील एक मुलगी तेथून जात असता आतला कुत्रा धावून आला, तिच्या पोटरीचा चावा घेतला आणि परत आत गेला. आरडाओरडा ऐकून घरातील गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "पाटी लावली आहे ना!"

पुढे महिनाभर त्या मुलीला इंजेक्शनांसाठी सरकारी दवाखान्यात खेपा घालाव्या लागल्या. इकडे कँटीनमध्ये वाद रंगला. काहींचे म्हणणे असे की, असल्या जातीचे कुत्रे पाळण्यावर सरकारने बंदीच घातली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणे, दोष कुत्र्याचा नव्हे, मालकाचा. गंमत अशी की तो कुत्रा कोणत्या जातीचा, याबद्दल मात्र एकमत होईना. एकजण म्हणाला रॉटवायलर, दुसरा म्हणाला डॉबरमन. शेजारच्या बंगल्याच्या रखवालदाराला विचारले, तर तो म्हणाला, "गावठीच आहे, खाऊनपिऊन मोठा झालाय!"

हा वाद केवळ आपल्या कँटीनमधला नाही. इंग्लंड, हॉलंड, इटली, अमेरिका, कॅनडा या देशांत तो गेली तीस-पस्तीस वर्षे चालू आहे, आणि २०२३ साली तो आपल्या देशातही न्यायालयापर्यंत गेला. विशिष्ट जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालावी, की कुत्रा कोणताही असो, मालकाला जबाबदार धरावे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. येथे एक मर्यादा आधीच सांगितली पाहिजे. आपल्या देशात कुत्रा चावण्याच्या घटनांत रस्त्यावरील बेवारशी कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे. तो प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्यासाठीचे नियमही स्वतंत्र आहेत. येथे विचार आहे तो मालक असलेल्या कुत्र्यांचा.

इंग्लंडमधील कायदा

मे १९९१ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात एका सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुल जातीच्या कुत्र्याने हल्ला केला. ती वाचली, पण तिला झालेल्या जखमा इतक्या भयंकर होत्या की सारा देश हळहळला. वृत्तपत्रांनी बंदीची मागणी लावून धरली. त्या वेळचे गृहमंत्री केनेथ बेकर यांनी घाईघाईने विधेयक आणले आणि १२ ऑगस्ट १९९१ पासून 'धोकादायक कुत्र्यांचा कायदा' अमलात आला. अवघ्या तीन महिन्यांत झालेला हा कायदा. घाईत केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधील अभ्यासक आजही त्याचेच नाव घेतात.

या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो अशा चार प्रकारांवर बंदी आली. त्यांची पैदास, विक्री, देवघेव हा गुन्हा ठरला. कुत्रा बंदी घातलेल्या प्रकारातला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. सिद्ध करता आले नाही, तर कुत्र्याला मारून टाकण्याचा हुकूम देण्यावाचून न्यायाधीशाला गत्यंतर नव्हते. त्या कुत्र्याने आयुष्यात कोणाला ओरखडाही काढलेला नसला तरी निकाल तोच. १९९७ च्या दुरुस्तीने ही सक्ती गेली. कुत्रा निरुपद्रवी असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर काही अटींवर तो मालकाकडे राहू शकेल, अशी सोय झाली.

या बंदीचे फलित काय? १९९१ ते २०१६ या पंचवीस वर्षांत त्या देशात कुत्र्यांच्या हल्ल्यांत ३० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २१ जणांचा जीव घेणारे कुत्रे बंदी घातलेल्या प्रकारांतले नव्हतेच. हे आकडे तेथील प्राणिदया संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ही संस्था बंदीच्या विरोधात आहे, हे लक्षात ठेवूनही त्यांचा अर्थ नाकारता येत नाही. कायद्याची नजर एका दाराकडे लागलेली होती आणि मृत्यू दुसऱ्या दाराने येत होता.

त्याहून बोधप्रद गोष्ट पुढे घडली. आडदांड कुत्र्याची हौस असणाऱ्यांनी बंदी असलेला पिटबुल सोडून अमेरिकेतून आलेला 'एक्सएल बुली' हा नवा, अधिक वजनदार प्रकार जवळ केला. त्याचे नाव यादीत नव्हते. २०२१ ते २०२३ या काळात या कुत्र्यांनी माणसे मारल्याच्या अनेक घटना घडल्या, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्याच्यावरही बंदी जाहीर केली. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये खास दाखल्याशिवाय असा कुत्रा बाळगणे गुन्हा झाला. यादीत एक नाव वाढले. हौस मात्र तीच राहिली, आणि ती उद्या आणखी एखादे नाव शोधून काढणार नाही याची हमी कोण देणार?

जात ओळखायची कशी?

यादी करणे सोपे आहे, पण समोरचा कुत्रा त्या यादीत बसतो की नाही, हे ठरवणे अवघड. पिटबुलचाच इतिहास पाहा. बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये १८३५ साली कायद्याने बंद झाला. मग शौकिनांनी बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून चपळ, चिवट कुत्रे तयार केले व त्यांच्या झुंजी लावू लागले. म्हणजे ही एक शुद्ध जात नव्हे, तो एका कामासाठी घडवलेला संकर आहे. म्हणूनच इंग्लंडच्या कायद्यात 'जात' असा शब्द न वापरता 'प्रकार' असा शब्द वापरावा लागला, आणि 'प्रकार' हा 'जाती'पेक्षा व्यापक आहे, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. परिणामी कुत्र्याचे आईबाप कोण यापेक्षा त्याची छाती, डोके, जबडा यांची मापे महत्त्वाची ठरली. एक्सएल बुलीच्या व्याख्येत तर खांद्यापर्यंतची उंची इंचांत दिलेली आहे: नर २० इंच, मादी १९ इंच. इंचपट्टीने स्वभाव मोजता आला असता, तर किती बरे झाले असते!

जात आणि स्वभाव यांचा संबंध कितपत आहे, याचाही आता शास्त्रीय अभ्यास झाला आहे. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली होती आणि त्यांपैकी दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे जातीला काहीच अर्थ नाही असे नव्हे. परंतु केवळ जात कळली म्हणून समोरचा कुत्रा कसा वागेल हे कळले, असे मानणे चूक आहे.

बंदीच्या बाजूने काय म्हणता येईल?

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय वाद पुरा होत नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांनी माणूस मारल्याच्या ज्या घटनांत कुत्र्याची जात नोंदलेली होती, अशा २३८ घटनांचा अभ्यास तेथील पशुवैद्यकांच्या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू पिटबुलसदृश कुत्रे व रॉटवायलर यांच्यामुळे झालेले होते. हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. दुसरी गोष्ट, कुत्रा लहान असो की मोठा, चावा हा चावाच. पण पॉमेरियन चावला तर टाके पडतात आणि पन्नास किलोचा कुत्रा चावला तर जीव जातो. तिसरी गोष्ट, जबाबदारीचा कायदा चावा घेतल्यानंतर जागा होतो. गेलेले मूल शिक्षेने परत येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूण येथे सात वर्षांचा एक मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात मरण पावला. त्याच्या आईसमोर उभे राहून 'दोष जातीचा नव्हे' असे सांगण्याची छाती कोणाची आहे?

या युक्तिवादांना उत्तर देताना तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेली एक साधी गोष्ट आठवावी. 'सर्व कावळे काळे असतात' यावरून 'सर्व काळे पक्षी कावळे असतात' असे सिद्ध होत नाही. तसेच 'जीव घेणाऱ्या कुत्र्यांत पिटबुल पुष्कळ आहेत' यावरून 'पिटबुलांत जीव घेणारे पुष्कळ आहेत' हे निघत नाही. अमेरिकेत पाळीव कुत्री कोट्यवधी आहेत आणि त्यांच्या हातून वर्षाला होणारे मृत्यू मोजके आहेत. म्हणूनच वर सांगितलेल्या अभ्यासाच्या लेखकांनी, स्वतःच हे आकडे गोळा करूनही, जातवार बंदीची शिफारस केली नाही.

तर मग जीव जातो केव्हा? २००० ते २००९ या दहा वर्षांतील अशा २५६ मृत्यूंचा आणखी बारकाईने केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती यांतील जेमतेम १८ टक्के घटनांत. परंतु काही गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र आढळल्या. मदतीला धावेल असा धडधाकट माणूस जवळ नव्हता, सुमारे ८७ टक्के घटनांत. माणसाची आणि कुत्र्याची ओळख नव्हती किंवा नाममात्र होती, सुमारे ८५ टक्के. कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते, सुमारे ८४ टक्के. कुत्रा घरात माणसांत वाढलेला नसून अंगणात साखळीला किंवा पिंजऱ्यात एकटा ठेवलेला होता, सुमारे ७६ टक्के. यांतील पुष्कळ गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार टाळायचा असेल, तर कायद्याने बोट ठेवायचे ते येथे.

आपल्याकडे काय घडले?

जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे घरच्याच पिटबुलने एका वृद्ध महिलेचा जीव घेतला, तेव्हापासून आपल्याकडेही बंदीची भाषा सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मागणीवर तीन महिन्यांत निर्णय घ्यावा असे केंद्र सरकारला सांगितले, आणि १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने सर्व राज्यांना एक परिपत्रक धाडले. त्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा २३ जाती व त्यांचे संकर यांची आयात, पैदास व विक्री यांना परवाना देऊ नये आणि लोकांकडे आधीपासून असलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे म्हटले होते.

ती यादी वाचण्यासारखी आहे. 'टोसा इनू' एका जागी आहे आणि 'जपानी टोसा' दुसऱ्या जागी. वस्तुतः ही एकाच कुत्र्याची दोन नावे! शिवाय नुसते 'टेरियर' असेही लिहिले आहे. टेरियर हा डझनावारी जातींचा समूह असून त्यात मांडीवर बसणारे चिमुकले कुत्रेही येतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढले गेले, हा त्यातला प्रमुख दोष होता. सर्वांचे ऐकून नवा नियम करण्याची मुभा सरकारला देण्यात आली.

मालकाच्या जबाबदारीचा कायदा मात्र आपल्याकडे नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत २८९ वे कलम होते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम त्याच्या जागी आले आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली. या कलमात कोणत्याही जातीचे नाव नाही. प्राणी कोणता हे न विचारता, तुम्ही काळजी घेतली होती का, एवढेच ते विचारते. तत्त्व म्हणून याहून चांगले कलम शोधून सापडणार नाही.

पण तत्त्व चांगले असून भागत नाही. दक्षिण मुंबईत २०१० मध्ये एका रॉटवायलरने एका वृद्ध गृहस्थांना चावे घेतले. कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. वरळीत २०१८ मध्ये इमारतीच्या लिफ्टमध्ये कुत्रा चावल्याच्या प्रकरणी मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली ती २०२५ मध्ये. तेरा वर्षे हे कुत्र्याचे सबंध आयुष्य होय. जबाबदारीचा कायदा या गतीने चालत असेल, तर लोक बंदीची मागणी करणारच. माझ्या मते या वादाचे मूळ येथे आहे. बंदीची मागणी कुत्र्यांच्या द्वेषातून जन्मलेली नसून, मालकाला कोणी विचारीत नाही या अनुभवातून ती आली आहे.

'जाती'वरून ठरवण्याची सवय

येथे इतिहासातील एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. १८७१ साली इंग्लंडमध्ये कुत्र्यांसंबंधी एक कायदा झाला. एखादा विशिष्ट कुत्रा धोकादायक असून नीट ताब्यात ठेवला जात नाही अशी तक्रार आली, तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करून हुकूम द्यावा, अशी त्यात तरतूद होती. तक्रार एका कुत्र्याबद्दल, चौकशी एका कुत्र्याची. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि समाजच्या समाज जन्माने गुन्हेगार ठरवले. त्या कायद्याचे जोखड उतरायला १९५२ साल उजाडावे लागले. माणसांची तुलना प्राण्यांशी करण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. सांगायचे ते राज्यकर्त्यांच्या विचारपद्धतीबद्दल. स्वदेशातील कुत्र्यालाही जी वैयक्तिक चौकशी त्यांनी देऊ केली, ती येथील माणसांना नाकारली. जन्मावरून निकाल देणे किती सोयीचे असते आणि किती अन्यायाचे, हे ज्या महाराष्ट्राने जवळून पाहिले, त्याने तरी कोणत्याही कायद्यात 'जात' हा शब्द आला की दोनदा विचार करावा.

मग करावे काय?

हॉलंडने १९९३ मध्ये घातलेली जातवार बंदी, चावे कमी झाल्याचे न दिसल्याने, २००८ मध्ये मागे घेण्याचे ठरवले. इटलीने २००३ मध्ये धोकादायक जातींची लांबलचक यादी केली होती; २००९ मध्ये ती रद्द करून मालकच सर्वस्वी जबाबदार, असे सूत्र स्वीकारले. कॅनडातील कॅलगरी शहराच्या २००६ च्या नियमांत एकाही जातीचे नाव नव्हते, पण प्रत्येक कुत्र्याला परवाना हवा होता. परवान्याच्या व दंडाच्या पैशांतूनच तो विभाग चालवला गेला. तेथेही सारे आलबेल झाले असे नाही. २०२२ मध्ये त्याच शहरात एका वृद्धेचा कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला. कोणताही कायदा धोका शून्यावर आणीत नाही. प्रश्न एवढाच की, कोणता कायदा योग्य माणसाला योग्य वेळी जाब विचारतो.

मोटारींचे उदाहरण घ्या. अपघात होतात म्हणून आपण अमुक कंपनीच्या ट्रकवर बंदी घालत नाही. चालकाला परवाना, गाडीला क्रमांक आणि दुसऱ्याच्या नुकसानीसाठी सक्तीचा विमा, असा बंदोबस्त करतो. त्याचबरोबर अवजड वाहनाला निराळा, अधिक कडक परवाना लागतो. कुत्र्यांच्या बाबतीतही हीच दिशा असावी. प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद आणि दरवर्षी लस. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परवाना आजही लागतो, पण तो किती जण घेतात, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे. मोठ्या व ताकदवान कुत्र्यासाठी, त्याची जात कोणतीही असो, रस्त्यावर आखूड साखळी, तोंडाला मुसके आणि मालकाच्या नावावर विमा. कुत्रा पहिल्यांदा अंगावर धावून गेला की लगेच लेखी ताकीद व अटी, म्हणजे चाव्याची वाट पाहावी लागणार नाही. आणि चावा घेतलाच, तर उपचाराचा खर्च काही आठवड्यांत मालकाकडून वसूल. यामुळे हणजूणच्या त्या आईच्या प्रश्नाचेही काही उत्तर मिळते. तिच्या मुलासारख्या मुलांना वाचवायचे असेल, तर हल्ल्यापूर्वीच मालकाच्या दारात जाणारा कायदा हवा.

समारोप

सारांश, जातवार बंदी ही दिसायला कणखर पण नेम चुकलेली उपाययोजना आहे. मालकाची जबाबदारी हा खरा मार्ग. मात्र तो नुसता बोलण्यापुरता राहिला, तर बंदीवाल्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

आमच्या वर्गातील ती मुलगी आता बरी आहे. त्या बंगल्यापाशी आली की मात्र अजूनही थबकते. त्या गृहस्थांनी दवाखान्याचा खर्च दिला नाही आणि कोणी तो मागायलाही गेले नाही. कोणाकडे मागायचा, हेच आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. फाटकावर पाटी अजून आहे. रस्त्याने जाणाऱ्याला ती सावध करते. घरात राहणाऱ्याला सावध करणारी पाटी फाटकाच्या आतल्या बाजूला लागेल, तेव्हा हा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला असे म्हणता येईल.